गुप्ती, वेब्ली आणि निर्भीक : सुरतेतल्या एका जरीवाल्या घराची गोष्ट



सुरतेतल्या जुन्या मराठी घरांच्या आठवणी इथे वाचतो तेव्हा बहुतेक वेळा गणपती, पतपेढी, मराठी शाळा आणि २००६चा पूर एवढं येतं. आज जरा वेगळा विषय लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या हत्यार होतं. वाद घालायला किंवा मिरवायला नव्हे, धंद्यासाठी. त्याबद्दल आम्ही बाहेर कधी बोललो नाही, कारण लपवून बाळगायच्या वस्तूबद्दल बोलायचं नसतं. आता मी चौसष्टीला आलो, परवान्याचं नूतनीकरण पुन्हा समोर आलंय, म्हणून लिहून टाकतो.

आधी धंदा सांगतो, नाहीतर हत्यार कशाला ते कळणार नाही. आजोबा येवल्याचे. पैठणीला लागणारी खरी जर सुरतेहून येते, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल. चांदीची तार ओढून ओढून केसाहून बारीक करायची, ती चपटी करून तिचा बादला करायचा, तो रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायचा आणि वर सोन्याचं पाणी चढवायचं. या तयार धाग्याला इथे कसब म्हणतात, आपल्याकडे कलाबतू. आजोबा १९३८ साली या खरेदीसाठी सुरतेला आले आणि इथलेच झाले. गोपीपुऱ्यात एक खोली घेतली, कारागिरांकडून कसब घ्यायचं आणि येवल्याला पोचवायचं.

पोचवायचं म्हणजे ताप्ती व्हॅलीच्या गाडीने. १९००च्या सुमाराला ही लाइन झाली आणि खानदेश सुरतेला जोडला गेला. आज उधना, लिंबायत, पांडेसरा इथे जी एवढी खानदेशी वस्ती दिसते तिची वाट याच रुळांवरून आली. नंदुरबार, अमळनेर, जळगाव, मग मनमाड आणि तिथून येवला. रात्रीचा प्रवास. आजोबा कसबाच्या फिरक्या चिवड्याच्या डब्यात तळाशी ठेवत, वर कागद, वर चिवडा. आणि हातात काठी. साधी दिसणारी, पितळी मुठीची. मूठ फिरवून ओढली की दोन फूट पातं बाहेर. गुप्ती. नावातच सगळं आलं.

त्या काळी १८७८चा शस्त्रकायदा लागू होता, लॉर्ड लिटनच्या वेळचा. हिंदी माणसाला बंदूक काय, तलवार घेऊन फिरायलाही परवाना, आणि युरोपियनांना मात्र सूट. गंमत बघा, त्याच १८७८ साली सुरतेत लायसन्स टॅक्सच्या विरोधात दंगा झाला होता. म्हणजे 'लायसन्स' हा शब्द आमच्या गावात पहिल्यापासून कडूच. आजोबांच्या गुप्तीला परवाना होता का, हे घरात कोणी कधी विचारलं नाही. आजी एवढंच सांगायची, की काठी घेऊन ते पाटावर बसत नसत. लांब वस्तू, आडवी यायची. दाराशी उभी करूनच आत यावं लागे.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बाबांनी १९६६ साली रिव्हॉल्वर घेतलं. एका पारशी गृहस्थांचं होतं, ते मुंबईला कायमचे चालले होते. इंग्लंडमधल्या वेब्ली कंपनीचं, .३२ बोअरचं, मधून मोडून गोळ्या भरायचं. तोवर नवा शस्त्रकायदा आला होता. १९५९चा, पण अंमल १९६२पासून. त्यात गोरा-काळा भेद गेला, परवाना मात्र सगळ्यांना लागला. बाबा ते सरळ पट्ट्याला लावत, वर लांब कोट. सुरतेच्या उन्हाळ्यात कोट घातलेला माणूस म्हणजे एक तर वकील नाहीतर आमचे बाबा, असं काका चेष्टेने म्हणत.

आणि आता ती गोष्ट, जी आम्हा भावंडांच्या कानात अजून आहे. बाबा घरी आले की उंबऱ्याच्या आत, डाव्या हाताला, माणसाच्या छातीच्या उंचीवर एक कुलूपवाली लोखंडी पेटी भिंतीत बसवलेली होती. तिच्यापुढे एक पितळी ताटली. बाबा आधी गोळ्या काढत, एकेक करून ताटलीत टाकत. टण, टण, टण... सहा वेळा. मग रिव्हॉल्वर पेटीत, गोळ्या वेगळ्या खणात, किल्ली जानव्याला. मग चपला, मग पाय धुणं. सहा आवाज झाले की आम्ही अंगणातून पळत यायचो. पाच झाले आणि सहावा जरा उशिरा आला तर आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय हो, मोजल्या का?" "आधी गोळ्या, मग चपला" हा आमच्या घरचा नियम होता, जसा इतर घरी आधी दिवा मग जेवण असतो तसा.

त्या गोळ्यांच्या बुडावर इंग्रजीत दोन अक्षरं होती, के आणि एफ. लहानपणी मला ते कुणा साहेबाचं नाव वाटायचं. नंतर कळलं, के म्हणजे किर्की, आपली खडकी. पुण्याजवळ खडकीला १८६९पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. म्हणजे वेब्ली विलायतेची, राहणं सुरतेत आणि गोळी पुण्याची!

बाबांनी चाळीस वर्षांत ते एकदाही कोणावर रोखलं नाही. एकदा मी विचारलं, मग उपयोग काय? ते म्हणाले, "आंगडिये बघ. कोट्यवधींचे हिरे साध्या पिशवीत घालून गाडीत झोपून जातात. माल गप्प राहण्याने टिकतो. हे फक्त माझ्या मनाच्या शांतीसाठी आहे, आणि शांती महाग असते, रोज मोजावी लागते."

२००६च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सोडलं आणि तापी घरात आली. आम्ही तेव्हा अडाजणला राहायला गेलो होतो. तळमजला पूर्ण बुडाला. आम्ही गच्चीवर होतो, पेटी खाली. पाणी ओसरल्यावर गाळातून पेटी उघडली तेव्हा परवान्याच्या पुस्तिकेचा लगदा झाला होता आणि वेब्लीवर तांबूस थर. साफ केली, तेल पाजलं, पण गोळ्यांच्या घरांत गंजाने खड्डे पडले होते. बंदूक दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं, ही आता चालवू नका. बाबा २००८ला गेले. वारस म्हणून कागद माझ्या नावावर झाले आणि वेब्ली मी परवानाधारक दुकानदाराकडे जमा केली.

मी पाच-सहा वर्षं बिनहत्याराचाच होतो आणि काही बिघडलं नाही. मग ओळखीच्या एका व्यापाऱ्याला रात्री रस्त्यात अडवून लुटलं. डोक्याला अकरा टाके. घरात सगळे घाबरले, मीही. ठरवलं, घ्यायचं.

पण काय घेणार? १९८०च्या दशकात परदेशी हत्यारांची आयात सामान्य माणसासाठी बंद झाली, त्यामुळे जुन्या विलायती रिव्हॉल्वरच्या किमती आभाळाला. नवीन हवं तर सरकारी आयुध निर्माणीचं. कानपूरच्या कारखान्याने जानेवारी २०१४मध्ये 'निर्भीक' नावाचं .३२चं छोटं रिव्हॉल्वर बाजारात आणलं होतं. टायटेनियमच्या मिश्रधातूचं, वजन अवघं अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर 'निर्भया'वरून नाव ठेवलेलं आणि बायकांसाठी म्हणून जाहीर केलेलं. त्यावर तेव्हा टीकाही खूप झाली, की सव्वा लाख आणि परवाना कुठल्या मुलीला परवडणार? ते बरोबरच होतं. घेणारे बरेचसे माझ्यासारखे पुरुषच निघाले.

२०१५च्या दिवाळीनंतर ते हातात आलं. मरून रंगाच्या, दागिन्यांच्या असते तशा डबीत! मी टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेलो. सौ.ने डबी बघितली, चेहरा उजळला, उघडली आणि मिटली. "मला वाटलं पाटल्या," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव 'पाटल्या'. "आज पाटल्या बरोबर आहेत का?" असं विचारायची.

आता सवयीची गोष्ट. लोकांना वाटतं छोटं हत्यार सोपं. उलट आहे. रायफल क्लबमध्ये सराव शिकवायला एक निवृत्त हवालदार होते, मूळचे साताऱ्याकडचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "शेठ, हे दिसायला लहान आहे, हाताला मोठं आहे." दहा मीटरवरून सहा गोळ्या मारल्या, कागदावर दोन. मूठ आखूड, करंगळी खाली लोंबकळते. वजन कमी म्हणून धक्का सगळा मनगटात. नळी आखूड, त्यामुळे माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर कमी, डोळ्याला केसाएवढी चूक झाली तरी कागदावर वीतभर होते. आणि चाप एवढा जड की ओढता ओढता नळी खाली जाते. हवालदारांनी महिनाभर मला रिकाम्या पुंगळ्या भरून नुसता चाप ओढायला लावला. नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. नाणं पडलं की पुन्हा. मार्च उजाडला तेव्हा सहातल्या पाच कागदावर येऊ लागल्या.

अंगावर बाळगायची सवय त्याहून अवघड. पहिले आठ दिवस मला वाटायचं सगळी सुरत माझ्या कमरेकडे बघतेय. मी सारखा शर्ट खाली ओढायचो, आणि त्यानेच लोक बघायचे. साधा पट्टा सरकत होता, म्हणून मोच्याकडून दुहेरी चामड्याचा करून घेतला. शर्ट आत खोचायचं बंद केलं. घामाने चामडं ओलं व्हायचं, रोज रात्री पुसून तेलाचं फडकं फिरवायला लागायचं. मोटारीत पट्टा लावताना टोचायचं. लग्नात कोणी गळामिठी मारायला आलं की मी डावीकडे वळायचो, त्यामुळे दोन-तीन नातेवाइकांना वाटलं मी रागावलोय. चहाच्या टपरीवर भांडण झालं तर पूर्वी मी मध्ये पडायचो, आता मुकाट्याने निघून जायचो. हवालदारांनी हेच सांगितलं होतं, "हे कमरेला असलं की भांडायचा हक्क संपला."

२०१६च्या जुलैत नवे शस्त्रनियम आले. त्यात सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्वर न्यायचं तर नीट कव्हरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या पक्क्या ताब्यात असलं पाहिजे असं लिहिलंय. मी खूश झालो. म्हटलं, हे तर मी करतोच आहे. झाकलेलं आहे, ताब्यात आहे. सवय झाली.

आणि सप्टेंबरमध्ये गणपती आले.

घर भरलेलं. मुलगी, जावई, पुण्याचे पाहुणे. त्या दिवशी दुकानातून उशीर झाला, आरती थांबलेली होती. मी आलो, चपला काढल्या, पाय धुतले आणि तसाच आरतीला उभा राहिलो. आरती झाली, प्रसाद वाटला, मी सोफ्यावर टेकलो. चार वर्षांची नात मांडीवर चढली. तिचा हात माझ्या शर्टाखाली गेला. "आजोबा, अहीं शुं छे?" सुरतेतली आपली पोरं, अर्धं मराठी अर्धं गुजराती. आणि मला ऐकू आलं, टिच. कव्हरचं बटण.

मी तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की ती किंचाळली. टाळ वाजवणारा भाचा थांबला, सगळे बघायला लागले. मी तिला आईकडे दिलं आणि आतल्या खोलीत गेलो. हात थरथरत होते, गोळ्या काढताना एक खाली पडली, पलंगाखाली गेली. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ दोन दिवस होते.

कोणी काही बोललं नाही. रात्री आई, तेव्हा ऐंशीची, माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताटली कुठंय रे?"

ताटली पुरानंतर माळ्यावर टाकली होती. नवीन घरात पेटी मी कपाटात केली होती, शयनगृहात. आल्या आल्या तिथे जायला हवं होतं, पण रिव्हॉल्वर इतकं हलकं होतं की कमरेला आहे हे त्या दिवशी मला आठवलंच नाही. ज्याला मी सवय समजत होतो तो विसर होता.

त्या रात्री मला सुरतेचीच एक जुनी हकीकत आठवली. जानेवारी १६६४. शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इथला मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात लपून बसला होता. त्याने तहाच्या बोलण्यासाठी म्हणून एक तरुण पाठवला. त्याने बोलता बोलता कपड्यांत लपवलेली कट्यार काढून महाराजांवर झेप घेतली. अंगरक्षकाने त्याचा हात तोडला, पण तो वेगाने महाराजांवर आदळला आणि दोघे खाली पडले. रक्त बघून सैन्याला वाटलं महाराज गेले, आणि कैद्यांना कापा असा ओरडा झाला. महाराज उठले आणि ती कत्तल थांबवली, तरीही नंतर काही कैद्यांचे हात गेले, काहींचे प्राण. इंग्रजांच्या वखारीतल्या एस्कॅलियट नावाच्या पाद्र्याने हे पत्रात लिहून ठेवलंय. शाळेत आम्ही ही गोष्ट महाराज कसे वाचले म्हणून ऐकली होती. त्या रात्री मला ते कैदी आठवले. लपवलेलं हत्यार एकाने आणलं, आणि किंमत जवळ उभ्या असलेल्या, बांधलेल्या माणसांनी दिली. त्यांच्यापैकी कोणाला ठाऊकही नसेल की तो काय घेऊन आलाय. माझ्या नातीला तरी कुठे ठाऊक होतं?

आजोबांची गुप्ती लांब होती, पाटावर बसूच देत नव्हती. बाबांची वेब्ली जड होती, घरी आल्यावर काढून ठेवल्याशिवाय त्यांना बरंच वाटत नसे. त्या वस्तू स्वतःच आठवण करून द्यायच्या. माझं निर्भीक काहीच आठवण देत नाही, आणि त्याच्या जाहिरातीतला गुण तोच आहे. ऑगस्ट २०२३मध्ये कानपूरहून 'प्रबल' नावाचं नवं रिव्हॉल्वर आलं, सातशे ग्रॅमचं, पन्नास मीटर पल्ल्याचं, चक्र बाजूला उघडणारं. एका मित्राने घेतलं, मला दाखवायला आणलं. वस्तू उत्तम आहे, निर्भीकपेक्षा हाताला बरी बसते. मी त्याला एवढंच विचारलं, "घरी आल्यावर कुठे ठेवतोस?" तो म्हणाला, "कमरेलाच असतं, कळतही नाही." मी त्याला बसवून ही सगळी गोष्ट सांगितली.

दुसऱ्याच दिवशी ताटली माळ्यावरून काढली, घासली. पेटी कपाटातून काढून पुन्हा उंबऱ्याच्या आत, डाव्या हाताला बसवली. टण, टण, टण, सहा वेळा. पहिल्या दिवशी आई आतून म्हणाली, "मोजल्या का?" २०२१ला ती गेली. आता तेच सौ. विचारते.

काळ बदलला. खऱ्या जरीची मागणी कमी झाली, पैसे बँकेतून येतात. महिन्यातून फारतर दोनदा मी ते बरोबर नेतो. २०२४च्या लोकसभेला सगळ्यांसारखं पोलीस ठाण्यात जमा केलं, आणि निवडणूक संपली तरी महिनाभर आणायला गेलो नाही. मुलगा म्हणतो, माझ्या नावावर नको. त्याला मी आग्रह करणार नाही. नात आता शाळेत मोठ्या वर्गात आहे, तिला तो प्रसंग आठवत नाही. मला आठवतो, तेवढं पुरे.

२०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झालाय. अर्ज भरून टेबलावर ठेवलाय, सही केलेली नाही. सही केली तर सत्तरीपर्यंत रोज सहा आवाज काढायची तयारी हवी, आणि एखाद्या सणाला उशीर झाला, आरती थांबलेली असली, तरी आधी गोळ्या, मग चपला. ते जमेल याची खात्री वाटेल त्या दिवशी सही करीन, नाहीतर वेब्लीसारखं हेही जमा करून टाकीन. ताटली मात्र ठेवणार. तिच्यात सध्या गौरीची फुलं असतात.

मंडळी, येवला-सुरत जरीच्या वाटेवरच्या अजून कोणाच्या घरात अशा आठवणी असतील तर जरूर लिहा. विशेषतः ताप्ती लाइनच्या रात्रीच्या गाडीच्या. आजोबांचा तो चिवड्याचा डबा अजून आमच्याकडे आहे. तळाशी बोट फिरवलं तर कधीकधी सोनेरी कण लागतो.